दोन क्रियापदं

पाळी संपली, तरी बोटांना कॉडचा वास.
मारिव्हिक वहीत लिहिते: स्पेंड.
पैसा असो, वेळ असो, इंग्रजीत एकच खिसा.

हालबेरा चष्मा पुसते.
आमच्याकडे एइदा. खर्चणं, उधळणं,
आणि पुसून टाकणंही.
फ्योर्डपलीकडे ओस पडलेली शेतघरं आहेत ना,
त्यांच्या नावात हाच शब्द शिरलाय.

मारिव्हिक समासात हिशेब मांडते:
महिन्याला ऐंशी हजार क्रोना सेबूला,
इथे अकरा वर्षं.
बेरीज कशात करायची, कळत नाही.

दुसरा शब्द वेर्या, हालबेरा सांगते.
वेळ कुणासाठी तरी देणं.
माझा नातू गोलकीपर आहे,
तो चेंडू अडवतो, तेही वेर्याच.

चारलाच खिडकीत काळोख.
फोन भरलाय. लेकाचा जुना निरोप, सत्तावीस सेकंद,
तेव्हा त्याचा आवाज फुटला नव्हता.
पडदा विचारतो: एइदा?

ती फोन पालथा घालते.
तास केव्हाच संपलाय.
हालबेरा न विचारता पुन्हा कॉफी ओतते,
थोडी बशीत सांडते,
पुसायला कुणी उठत नाही.