टेबल चार

साहेबांच्या घरी खरा आकडा कुणालाच माहीत नव्हता.
डॉक्टरने विचारलं, किती घेतात? किती वर्षं?
मंदाकिनीताई म्हणाल्या, संध्याकाळी, थोडी.
मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, सोशल.
आणि गायधनी साहेब
खिडकीतून शरणपूर रोडकडे बघत म्हणाले,
मी? मी तर कधीच नाही.

खोटं नव्हतं ते.
तोवर आठवणीतून बाटलीसुद्धा निघून गेली होती.

म्हणून ताई दुपारी तीनला आल्या,
खुर्च्या टेबलांवर उलट्या असताना,
नाशिकरोडच्या आमच्या परमिट रूममध्ये.
पिशवीत फाईल, फाईलवर मेथीची जुडी.
"तुम्हीच हिरामण ना?
तुमचं नाव त्यांना अजून येतं.
माझं कधी येतं, कधी नाही."

मी सुरगाण्याचा. दहावी नापास, पण पाढे पक्के.
टेबल चार, भिंतीकडची खुर्ची.
प्रेसचा भोंगा झाला की विसाव्या मिनिटाला साहेब.
एक निप, मग एक निप, उकडलेली अंडी, सोडा.
पगाराच्या दिवशी वरून अजून एक.
दिवाळीला मला पन्नासची कोरी नोट द्यायचे,
तीही आधी ट्यूबलाइटला धरून, तपासून :
"हिरामण, जन्मभर हेच केलं.
लाखात एक अंक वाकडा असू दे,
माझा डोळा तिथेच अडतो."

एकवीस वर्षं.
गांधी जयंती वजा, मतदानाचे दिवस वजा,
लॉकडाऊनचे महिने वजा
(तेव्हा कुठून आणायचे, ते मला माहीत नाही).
चतुर्थीला फक्त अंडी वजा.
मी बिलाच्या पाठीवर मांडत गेलो, ताई गप्प.
उत्तर आलं ते वाचून नाही दाखवलं.
कागद पालथा घालून पुढे सरकवला,
बिल सरकवतो तसा, बडीशेपेच्या वाटीखाली.

त्यांनी तो उचलला नाही लगेच.
म्हणाल्या, डॉक्टर सांगतात
सगळं दारूवर ढकलता येणार नाही.
वय आहे, साखर आहे, बी.पी. आहे.
पण तिचा वाटा आहे, आणि लहान नाही.
फोटोत मेंदू सुटा दिसतो म्हणे,
करवंटीत खोबरं वाळून वाजायला लागतं तसा.
घड्याळ काढा म्हटलं, तर बाराही आकडे
उजव्या अंगाला दाटीवाटीने,
डावी बाजू कोरी.
शंभरातून सात काढा म्हटलं. त्र्याण्णव आले.
त्यातून सात?
तर डॉक्टरलाच म्हणाले, सोडा आण रे.

बंद केली तर?
गेलेलं परत नाही येणार. उतरण हळू होईल, कदाचित.
कदाचित हा शब्द ताईंनी दोनदा म्हटला.

साहेब घरी थांबत नाहीत.
डोक्यातून प्रेस गेली, पाय मात्र भोंगा ओळखतात.
येतात. ताई मागोमाग येऊन
समोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसतात.
निपच्या ग्लासात मी कोरा चहा ओततो,
सकाळीच गाळून गार केलेला, वर सोडा.
मालक बिल लावत नाही.
साहेब घोट घेतात, ओठ पुसतात,
"आज कडक आहे" म्हणतात.
थोड्या वेळाने : माझी ऑर्डर घेतली का?
घेतली साहेब.
थोड्या वेळाने : माझी ऑर्डर घेतली का?

बाहेर पिंपळगावच्या द्राक्षांचे क्रेट घेऊन ट्रक जातात.
पुलाच्या खांबावर नवा बोर्ड लागलाय,
मोठा घड, चार ग्लास, चार हसणारी माणसं.
मी ग्लास उचलतो. खाली ओलं वर्तुळ उरतं.
फडकं मारतो.
एकवीस वर्षं रोज मारलं,
काय पुसतोय ते नाही बघितलं.

काल साहेबांनी खिशातून नोट काढली.
ट्यूबलाइटला धरली. खूप वेळ.
बाकीची टेबलं ओरडत होती, मी हललो नाही.
मग ती माझ्या हातात दिली, हळू आवाजात म्हणाले,
"बघ रे, यात काहीतरी चुकलंय.
मला सापडत नाहीये."

मीही उजेडाला धरली.