चाळीसास एक

एन्सिओ केम्पाइनेननं कोठाराचं दार
खांद्यानं ढकललं आणि बोट दाखवलं.
बोलला एवढंच: "रिंगा बदल. बाकी ठीक आहे."
सहाशे युरो. मी साडेपाचशे म्हटलं.
त्यानं छताकडे पाहिलं.
मी सहाशे मोजले.

हस्कवर्ना, टू-स्ट्रोक, अडीचशे सीसी,
पांढरी टाकी जुन्या दातांसारखी पिवळी,
एअर-फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार:
ओटचा भुसा, लोकर, वर्तमानपत्राचे कपटे,
एका कपट्यावर कुठल्याशा मंगळवारचं
अर्धंच हवामान.
किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली.
दाब म्हणून नाही.

कुह्मोत मी चालत्या ग्रंथालयाची बस चालवते.
दिवसभर जंगलातल्या घरांपुढे थांबून
म्हाताऱ्यांना खुनाच्या कादंबऱ्या देते,
आणि संध्याकाळी, उणे तेवीसमध्ये,
गॅरेजातल्या एकुलत्या एका दिव्याखाली
आईस्क्रीमच्या डब्यांत नट-बोल्ट जमा करते.
एक्केचाळिसाव्या वर्षी हे कसलं खूळ, बहीण म्हणाली.
तू नाही का स्वेटर उसवत, मी म्हटलं.

सिलिंडर वर उचलला
आणि पिस्टनच्या अंगावर चार उभे ओरखडे.
नखानं चाचपले. नख अडकलं.
रिंगांचं दुखणं असं नसतं.
ही कधीतरी तहानेनं धरली होती,
ऐन वेगात, धातूनं धातूचा गळा.

फोन लावला.
सात-आठ शिव्या तयार होत्या, निवडक.
"ही जाम झालेली आहे, एन्सिओ."
पलीकडे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.
"एक्क्याण्णवचा ऑगस्ट," तो म्हणाला. "वाळूची खाण.
पेट्रोलमध्ये तेल घालायचं विसरलो.
क्लच वेळेत दाबला, म्हणून आज बोलतोय."
पुन्हा घड्याळ.
"कुणाला सांगितलं नाही.
उघडली असती, तर बघावं लागलं असतं."

शिव्या तशाच राहिल्या, न वापरलेल्या.

स्वीडनहून पिस्टन यायला तीन आठवडे.
तोवर क्रँकची नवी बेअरिंगं रात्रभर बर्फात पुरली,
आणि केसिंगचे दोन्ही अर्ध
सौनात वरच्या बाकावर बसवले, पाहुण्यांसारखे.
शेजारी मी, टॉवेल गुंडाळून.
शंभर अंशांजवळ ॲल्युमिनियम जरा सैलावतं.
माणूसही.
तशीच धावत बाहेर, बर्फात हात, धावत आत,
बेअरिंग खोबणीवर धरलं, सोडलं:
टप्.
हातोडी नाही, जबरदस्ती नाही. नुसतं टप्.
इतकं चपखल बसलेलं काही
मी फार थोड्या वेळा ऐकलंय.

सर्कलिप मात्र उडालीच, कानातल्या बाळीएवढी.
दोन तास गुडघ्यांवर.
सापडली माझ्याच बुटाच्या जिभेखाली.

मार्चअखेर एन्सिओ आला. बोलावलं नव्हतं.
एका हातात काठी, दुसऱ्यात तेलाचा डबा.
"माप आहे?"
मी खोकल्याच्या औषधाचा कप धुऊन दिला.
पाच लिटर पेट्रोल, सव्वाशे मिली तेल,
चाळीसास एक, म्हणजे पंचवीसचे पाच कप.
तो मोठ्यानं मोजत गेला,
मध्येच थांबला. "चार झाले ना?"
"चार."
पाचवा ओतला, कपाच्या कडेवरून बोट फिरवून
तेही आत सोडलं. कॅन हलवला.
हलवतच राहिला. पेट्रोल कधीच मिसळलं होतं.

आठव्या किकला खोकली.
अकराव्याला पेटली, आणि सगळं गॅरेज
पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं.
निळा धूर बर्फावरून सरपटत
शेजारच्या कुत्र्यापर्यंत गेला. कुत्रं शिंकलं.
एन्सिओनं टोपी काढली होती,
कान लाल, उघडे.
ओठ हलले त्याचे.

मी गॅस सोडला. "काय म्हणालात?"
"काही नाही," तो म्हणाला.
"तेलाचा वास येतोय."