सुतळीच्या आत

चैत्रात गंगापूर धरणाचं पाणी उतरतं
तेव्हा आमचं शेत वर येतं.
आधी विहिरीचा काठ, मग बांध,
मग सासऱ्यांनी लावलेल्या आंब्याचं खोड,
काळं ठिक्कर, धड कुजतही नाही.
कागदावर ते केव्हाच सरकारचं.
आम्ही तीन महिन्यांचे मालक.
गाळात काकडी टोचतो,
आणि रविवारी तीच चिरून, तिखट-मीठ लावून,
वीस रुपयांना विकतो
शहरातून पाणी बघायला आलेल्यांना.

येऊ देत.
सिडकोची कुटुंबं येतात, डबे घेऊन.
सातपूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून
थेट इकडे आलेले, बूट हातात घेऊन चालणारे.
एक म्हातारा पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला
आणि म्हणाला,
"चाळीस वर्षं नळाला हेच येतंय बाई,
आज पहिल्यांदा भेट झाली."
ह्या माणसाला कसं सांगू
की काठ बंद आहे?

पण त्याच काठावर टिटवी बसते.
घरटं म्हणावं असं काही नाही,
चार खडे सरकवले, झालं.
अंडी खड्यांसारखी, खडे अंड्यांसारखे,
जीपच्या चाकाला दोन्ही सारखेच.

जंगलखात्याचे फसाळे आले,
सुतळीचं बंडल दिलं, एक पाटी दिली.
"तुम्ही इथंच असता, लक्ष ठेवा."
पगाराचं काही बोलले नाहीत.
पाटीचा पोरांनी दुसऱ्याच दिवशी स्टंप केला.
मग मी जुनं लाल लुगडं फाडलं,
चिंध्या बांधल्या सुतळीला,
आणि काकडीच्या दोन ओळी सोडून दिल्या.
त्यावरून नवरा तीन दिवस बोलला नाही.
दोन ओळी म्हणजे किती, हे मला माहीत आहे.
टिटवीला नाही.

मग तो रविवार.
कोणीतरी उंच मारला,
बॉल टप्पा घेत सुतळीच्या आत गेला
आणि अंड्यांपासून हातभर अंतरावर थांबला.
टिटवी उठली, ओरडत.
चष्म्याचा एक पोरगा, अन्वय नाव त्याचं,
एक पाय उचलून दोरीशी उभा.
"मावशी, फक्त बॉल."
उन्हाकडे बघ म्हटलं.
ती परत बसली नाही
तर आत काय आहे ते भाजून निघेल.
तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही,
सगळ्यांनीच मागे सरा. पन्नास पावलं.

कुरकुर झाली. एकजण म्हणाला,
"एका पक्ष्यासाठी आम्ही पेट्रोल जाळून आलो का?"
मी काही बोलले नाही, काकडी चिरत राहिले.
पण अन्वय मागे सरला,
आणि त्याच्या मागे एकेक करत सगळी टीम,
नको असलेल्या पाहुण्यासारखी, उलट्या पावलांनी.

टिटवी आधी पाण्याकडे गेली.
पोट भिजवलं,
चिखलातून ठुमकत आली,
आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली.
"बघ," अन्वय कुजबुजला, "बघ ना, ती कूलर आहे."
त्या अर्ध्या तासात
माझ्या सतरा काकड्या गेल्या.
हेही खरं आहे, लपवत नाही.

पुढच्या रविवारी कोणाच्या तरी गाडीनं
सुतळी एका बाजूनं तोडली.
मी परत बांधली.
कधी मी नसेन तेव्हा काय, ठाऊक नाही.
फसाळ्यांचा फोन लागत नाही.

बॉल अजून आतच आहे.
उन्हानं त्याचा हिरवा रंग उडालाय.
काल दुपारी तिथं काहीतरी हललं,
वाटलं खडाच.
खडा नव्हता.
दोन दिवसांचं पिल्लू,
बॉलच्या एवढ्याशा सावलीत
पाय पोटाशी घेऊन बसलेलं.

अन्वय येईल तेव्हा त्याला दाखवीन.
लांबूनच.