आगवाला

मौलाली आगवाला होता. आधी जुन्या मिलच्या बॉयलरवर,
मग जहाजावर. मुंबईहून पुढं कुठं,
ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.
साल बेचाळीस. मिल तिन्ही पाळ्यांत खाकी ओकत होती
आणि मी चौथीत,
चाळीतला पत्र वाचणारा पोरगा.
दर पत्रामागं मूठभर शेंगा.

हुसेनबी कांड्या भरून यायची, केसांत कापसाची तूस.
दाराशी उकिडवी बसायची.
'पढ की रे, क्या लिख्या उनो?'

पत्र उघडलं की ऊन आरपार यायचं.
साहेबाच्या कात्रीनं गावं कापून नेलेली,
बंदरं, तारखा, जहाजाचं नाव,
एकदा तर वाऱ्याची दिशासुद्धा.
उरलेलं मी वाचायचो,
रत्नागिरीच्या कुणा खलाशाच्या हातचं बाळबोध:

'इथून वर, खूप वर आलो. सूर्य मावळतच नाही.
घाण्याच्या बैलागत कडेकडेनं फिरतो.
मगरिबची नमाज कधी पढावी, सारंगालाही कळंना.
शिमग्याच्या फेरीत दोरखंडं काचेची झालती.
पोरं लाकडी हातोड्यांनी बर्फ फोडायची,
नाहीतर वजनानं जहाज कलंडतंय म्हणं.
मी खाली. खाली आपलं सोलापूर आहे, मे महिन्यातलं.
मधे फक्त एक लोखंडी शिडी.'

शिडीला ती हसली.
मग म्हणाली, पुन्हा वाच, ते सूर्याचं.
मी पुन्हा वाचलं. तेवढं तिला पुरलं.
नळावर, खात्यात, पानाच्या टपरीवर सांगत सुटली,
'उनो गये वहाँ रात नै होती.'

पत्र घडी घालण्याआधी
मी भोकांना डोळा लावायचो.
एकातून चिमणी,
एकातून अंबय्याच्या मागावरची अर्धी चादर,
एकातून तळ्याचा चकाकता तुकडा.
दिवाळीनंतर पत्र आलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेला आठवडा असताना आलं ते कंपनीचं,
टाइप केलेलं, इंग्रजी.
मला येईना, म्हणून टाइमकीपर हत्तुऱ्यांकडं पळालो.
त्यांनी उभ्या उभ्या मराठीत सांगितलं,
टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली,
म्हणाले, जा, तूच सांग बाबा.

त्या कागदाला एकही भोक नव्हतं.
जहाज बुडालं, बारा डिसेंबर.
पगार बारा डिसेंबरपर्यंतचा.
वजा: लोकरीचा कोट एक, जमा न केल्याबद्दल.

हुसेनबी रडली नाही. निदान माझ्यासमोर नाही.
कोटाचं दोनदा विचारलं.
आगीपाशी बसणाऱ्याला कोट कशाला दिला असंल?
मग बराच वेळ बोटांवरचं सूत सोडवत बसली
आणि विचारलं, तेव्हा दिवस होता ना?

त्याच आठवड्यात गुरुजींनी
पृथ्वीचा गोल कंदिलापुढं फिरवून दाखवला होता.
वरचं टोक हिवाळाभर काळं राहतं,
किती फिरवा.
मी पाहिलं होतं. पुढच्याच बाकावर बसलो होतो.

कागद दाराच्या उजेडात धरला.
पलीकडचं काहीच दिसेना.
'हो,' म्हणालो, 'लिहिलंय तसं. लख्ख ऊन होतं.'

तिनं ओट्यातून शेंगा काढल्या,
दोन मुठी दिल्या.
भोंगा झाला. ती रातपाळीला गेली.