मिटणारी रेघ

ठाकूरद्वारला, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या लॅबमध्ये
आता तोंडं तारेवरून येतात.
डॉक्टर झरीनचा फोन: "फाइल टाकलीये. चुरीकाका.
वरची अख्खी कमान, एकसंध ब्रिज. जपून."

पडद्यावर चुरीकाकांची हिरडी,
लाळ नाही, वास नाही.
मी ती उलटी करते, आतून बघते,
जिथं त्यांची बायकोही कधी पोचली नसेल.

पूर्वी प्लास्टर यायचं.
त्यातला बुडबुडा डोळ्यांत भरायचा,
नखानं खरवडता यायचा.
इथं चूक गुळगुळीत असते.
हिरडीखाली, रक्ताच्या थेंबामागे
कॅमेऱ्याला जे दिसलं नाही
तिथं तो अंदाज भरतो
आणि अंदाजालाही तोच चकचकीत रंग देतो.

दोन-तीन दातांच्या ब्रिजला माझी तक्रार नाही.
टक् आवाज येतो, बसतो.
पण ही कमान लांब.
कॅमेरा नखाएवढं बघतो, मग पुढचं नखाएवढं,
मागच्याला टाका घालत जातो.
मधे दात नसले की नुसती ओली हिरडी,
सगळी सारखी. टाका धरायचा कशाला?

तीनदा स्कॅन केलं, म्हणाल्या, तिन्ही जुळतात.
मी म्हटलं, डॉक्टर,
तीनदा तेच बोलणारा साक्षीदार
पाठ करूनही आलेला असतो.

मंगळवारी मी स्वतः बाबुलनाथला गेले,
सांगाडा घेऊन.
डावीकडे दाबला की उजवीकडे उचलतो.
केसाएवढा.
तोही तान्ह्या पोराचा केस.

चुरीकाका खुर्चीत, गालात कापूस.
बोटांनी खूण करून कागद मागितला.
नगर भूमापन, एकतीस वर्षं.
एका खुंटापासून रेघ काढली,
कोपरे घेत घेत फिरवली,
परत त्याच खुंटाशी आणली
आणि बोटभर अलीकडे सोडून दिली.
खाली लिहिलं:
प्रत्येक टप्पा बरोबर.
प्रत्येक टप्प्यात जरासं.
शेवटी एवढं.

"मग काय करायचात?" झरीननं विचारलं.
त्यांनी कापूस काढला.
"मधे एक पक्का खुंट ठोकायचो.
आणि मालकाला सांगायचो नाही."

झरीन हसली. मग गप्प झाली.
सांगाडा आम्ही दोन जागी कापला,
तोंडातच लाल रेझिननं परत जोडला,
जसा तो तिथं होता तसा,
फाइलमध्ये होता तसा नव्हे.
रात्री मी सांधे भरले.
रस्त्यावरचा पावभाजीवाला तवा घासत होता.

शुक्रवारी काकांनी जीभ फिरवली,
या दाढेपासून त्या दाढेपर्यंत, सावकाश,
गल्लीची मापं घ्यावीत तशी.
आम्ही दोघी श्वास धरून.
"मिटली," म्हणाले.

ती फाइल अजून आहे.
कधीकधी उघडते.
काळ्या पडद्यावर कमान फिरत राहते,
कुठेच काही चुकलेलं दिसत नाही.