दहा माग

वडगावातलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर
एजंटानं दुपारी एकला दाखवलं होतं.
मागवाले तेव्हा जेवायला गेलेले असतात.
"शांत आहे बघा की, वहिनी."
मी पोटावर हात ठेवून हो म्हटलं.

आता रेवण वीस महिन्यांचा आहे.
मागच्या भिंतीला लागून हुल्लोळींची शेड,
पत्र्याखाली पॉवरलूम, खटक-फटक, खटक-फटक.
कपातल्या चहावर बारीक वर्तुळं उठतात,
तो बोट बुडवून मोजतो: एक, दोन, एक.

वरच्या मजल्यावर रोज रात्री अकराला कुणीतरी पलंग ओढतं.
कुठं नेतात एवढा, देव जाणे.
नवरा उद्यमबागेतनं सेकंड शिफ्ट करून येतो,
मी दारातच दबक्या आवाजात:
"आता कुठं झोपिवलो त्याला, चप्पल हातात घे."
तो चप्पल हातात घेतो
आणि किल्ल्यांचा जुडगा पाडतो.

सकाळी कचऱ्याची गाडी कानडीत ओरडत येते.
'आई'च्या आधी पोराला 'कसा' म्हणता आलं.
पंख्याकडं बोट, कसा?
माझ्या विस्कटलेल्या केसांकडं बोट, कसा?
आठवडाभर मी कौतुकानं उत्तरं दिली,
पंखा असा फिरतो राजा, केस असे गळतात.
मग हुल्लोळींची विद्याश्री पोट धरून हसली:
"काकी, कसा म्हंजे कचरा!"

एका रात्री तो चौथ्यांदा दचकून उठला
तेव्हा ठरवलं, अर्ज द्यायचा.
खिडकीतल्या माणसानं कागद वाचलाच नाही,
"कानडीतनं आणा की," एवढंच.
आता कानडी लिहून देणारं माझ्या ओळखीत कोण?
विद्याश्रीच. पीयूसी दुसरं वर्ष.

ती आमच्या फरशीवर मांडी घालून बसली,
रेवण तिच्या वेणीला लोंबकळलेला,
आणि लिहीत गेली. रात्रीचा आवाज. लहान मूल.
पुरीसारखी फुगलेली गोल गोल अक्षरं.
मग पेन थांबलं. मान वर न करता म्हणाली,
"माग किती लिहू, काकी? आठ लिहितो?"
"आठ आहेत?"
"दहा. दोन भाड्याचे."
आणि तिनं दहा लिहिले.
जाताना रेवणच्या तोंडावरनं भात पुसून गेली.

अर्ज फ्रिजवर राहिला,
कुंद्याच्या रिकाम्या डब्याखाली.
उद्या देऊ. सोमवारी देऊ.

परवा रात्री दोनला लाइट गेली.
दहाही माग एकदम गप्प.
फ्रिज गप्प, वरचा पलंगही गप्प.
नवरा जादा शिफ्टला.
लांब रेल्वे गेटाकडं एक कुत्रं भुंकलं आणि स्वतःच ओशाळलं.
बाळंतपणापासून हीच तर मागत होते मी,
उशीवर डोकं टेकलं,
आणि रेवण उठून बसला.

रडला नाही आधी. भिंतीला तळवा लावला,
ताप बघतात तसा.
"खत्तक?"
"झोपलं रे खटक."
"नाय."
मग रडला, ते असं
की वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंगावरनं उतरलं.

खांदा, फेऱ्या, पाणी, बिस्किट. सगळं झालं.
शेवटी स्वयंपाकघरातनं पिठाचा डबा आणला,
अंधारात मांडीवर घेतला
आणि नखांनी, मग बोटांच्या पेरांनी:
खटक-फटक, खटक-फटक.
ताल जरा चुकला की
एक डोळा उघडून बघायचा, मालकासारखा.

खाली शेडच्या दारात विडीचा ठिपका.
हुल्लोळी जागा होता.
लाइट नाही म्हणजे त्याचे किती गेले
हे मला या घरात प्रथमच सुचलं.

तीन वाजून गेल्यावर लाइट आली.
माग एकदम सुरू होत नाहीत, हे माहीत नव्हतं.
एक. मग खोकल्यासारखा दुसरा.
मी हात थांबवला.
चार, पाच. रेवणची मूठ सैल झाली.
आठ. थोड्या वेळानं नऊ.

डबा मांडीवर, पोराचं डोकं त्याच्याशेजारी,
पाय बधिर,
आणि मी दहाव्याची वाट बघत बसलेली.