तिसरं रीळ

मनामात, बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
चौदा वर्षं मी लाँड्रीत इस्त्री केली.
कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करायचे, हा नियम.
नाणी बशीत,
चिठ्ठ्या खिळ्याला,
सिनेमाची हँडबिलं माझी.
हे शेवटचं कुणी ठरवलं नव्हतं,
मागायलाच कुणी आलं नाही.

पातळ कागद, गुलाबी नाहीतर पोपटी.
शाई इतकी कच्ची की नायिकेचं कुंकू
एखाद्या फोरमनच्या पांढऱ्या खिशावर उतरायचं
आणि ते घालवता घालवता माझ्या बोटांवर.
वर अरबी, मध्ये हिंदी, खाली मल्याळम,
आणि कोपऱ्यात इंग्रजीत एकच ओळ:
येताना स्वतःची खुर्ची आणू नये.

यातला एकही सिनेमा मी पाहिला नाही.
शनिवारी पहाटे रिफायनरीची बस सुटायची,
म्हणून शुक्रवारी रात्री दोनशे डांगऱ्या.
मला सिनेमे सांगितले जायचे,
पावती शोधता शोधता, काउंटरवर कोपर टेकून.
‘समंदर की बहू’ तिघांनी सांगितला.
कुंजप्पनच्या तोंडी शेवटी आई मरायची.
खैरुद्दीनच्या तोंडी आई वाचायची, वकील मरायचा.
कायतान नुसते मारामारीचे आवाज काढायचा.
मी तिघांचंही खरं धरलं.
इस्त्री गरम होईपर्यंत माणूस कुणाचंही खरं धरतो.

एका ऑगस्टात गल्लीची वीज गेली.
इस्त्र्या गार. मालक म्हणाला, जा कुठे जायचं तर.
गेलो.
उघड्यावरचं टॉकीज, चुना फासलेली भिंत हाच पडदा,
हवा अशी की सदरा पुन्हा भिजवून ठेवल्यासारखा.
‘काँच का दरोगा’.
दोन रिळं झाली आणि भिंत कोरी झाली.
शिट्ट्या. मग कर्ण्यातून आवाज,
ऑपरेटर इकबाल मुकादम, आमच्या खेडचा:
तिसरा रीळ मस्कतला गेलाय.
मी मुंबईत बघितलाय पिक्चर. ऐका.

बारा मिनिटं त्याने सांगितलं.
हिंदीत सुरुवात, मग मध्ये मध्ये खेड.
सातशे माणसं कोऱ्या भिंतीकडे बघत होती.
भिंतीवर एक पाल होती, तीही जागची हलली नाही.
इस्पितळात नायिका उठून बसते, तिथे तो अडला.
म्हणाला, इथे ती काहीतरी बोलते.
चांगलं बोलते.
माझ्या शेजारचा पठाण डोळे पुसायला लागला.

तेवढ्यात बाजारात दिवे आले.
मी उठलो. दोनशे डांगऱ्या.

आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.
समोरच्या इमारतीत मी रखवालदार,
आणि बिस्किटांच्या डब्यात तीनशे अकरा हँडबिलं.
परवा निहारने, माझ्या पुतण्याने,
फोनवर तो सिनेमा शोधून काढला.
काका, तुमचं इस्पितळ कुठे आहे?
पुढे गेलो, मागे आलो.
इस्पितळच नाही.
त्या जागी एक भोपळेवाला आहे,
आणि दरोगा त्याच्या गाडीवरून घसरून पडतो.

मुकादमने सिनेमा पाहिलाच नव्हता.

निहार हसला, मीही हसलो,
मग त्याला म्हटलं, तू चहा सांग.
डब्यातून ते हँडबिल काढलं, पोपटी,
दरोग्याच्या मिशीवरून घडी फाटत आलेली.
इतक्या वर्षांत पाठ कधी नीट पाहिली नव्हती.
पेन्सिलीने कुणाचा तरी हिशोब:
घरी चाळीस दिनार. मेस सहा.
कुणाला तरी दीड, त्यावर काट मारून दोन.
खाली रेघ. साडेतीनशे फिल्स शिल्लक.
त्यापुढे मल्याळममध्ये एकच शब्द,
तेवढा मला वाचता येतो:
सिनेमा.